नांदेड-लातूरहून क्रूझवर जाताय? रील बघून पैसे भरण्याआधी हे वाचा

एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. १० वॅगन, ५ लाख लिटर पाणी. 'जलदूत' असं त्या गाडीचं नाव होतं आणि देशभरच्या चॅनलवाल्यांनी लातूर स्टेशनवर तळ ठोकला होता.

आज त्याच लातूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड येतोय, "मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ, २ रात्री ३ दिवस, जेवण फ्री, लवकर बुक करा, फक्त ३ खोल्या शिल्लक." नांदेडमध्येही तेच. हनिमून असो, आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस असो किंवा दिवाळीनंतरची सुट्टी, क्रूझ हा ऑप्शन आता मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांत सिरियसली चर्चेला येतो. इन्स्टाग्रामवर तर डेकवर हात पसरून उभं राहिल्याशिवाय नवं जोडपं नवं वाटतच नाही.

पण ज्या भागातल्या लोकांनी बोट म्हणून फार तर गोदावरीतली नाव बघितली, त्यांच्यासाठी हा प्रकार पूर्णपणे नवा आहे. नव्या प्रकारात पैसे जास्त जातात आणि प्रश्न कमी विचारले जातात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आत्ताच एवढी चर्चा का?

याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही गेल्या दोनेक वर्षांतली आहेत.

पहिलं म्हणजे सरकारने यात लक्ष घातलंय. ३० सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय बंदरे मंत्री सर्बानंद सोनोवाल यांनी मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत देशातली क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं त्याचं टार्गेट आहे.

दुसरं म्हणजे मुंबईचं नवं क्रूझ टर्मिनल. २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधान मोदींनी भावनगरच्या कार्यक्रमातून बॅलार्ड पिअरच्या 'मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल'चं उद्घाटन केलं. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळता येतील, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आणि एका वेळी ५ जहाजं लागू शकतील, अशी त्याची क्षमता सांगितली जाते.

तिसरं कारण मात्र आपलं आहे. जालना-मुंबई वंदे भारत २६ ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत आली. सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. म्हणजे कागदावर बघितलं तर नांदेडचा माणूस पहाटे घरून निघून त्याच दिवशी जहाजात बसू शकतो. कागदावर का म्हटलं, ते पुढे येईलच.

जहाज कुणाचं आहे, हे आधी बघा

मुंबईहून देशांतर्गत क्रूझ म्हटलं की सध्या मुख्य नाव एकच येतं, कॉर्डेलिया. वॉटरवेज लेझर टुरिझम ही तिची कंपनी. जहाजाचं नाव 'एम्प्रेस'. ते नवीन नाही. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून धावायला लागलं. जवळपास ८०० खोल्या आणि ११ डेक आहेत. कंपनीने नॉर्वेजियन क्रूझ लाइनची आणखी दोन जहाजं भाड्याने घ्यायचं जाहीर केलंय.

जहाज जुनं असलं म्हणून ते वाईट असतं असं नाही. जहाजं वर्षानुवर्षं चालतात, मधे मधे गोदीत जाऊन दुरुस्त होतात. पण रीलमध्ये दिसणारी १५ मजली वॉटरस्लाइड सिंगापूर किंवा मायामीच्या जहाजावरची असते. ती डोक्यात ठेवून मुंबईच्या जहाजात चढलात तर पहिल्याच संध्याकाळी तोंड पडेल.

खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. या धंद्याचा भारतातला इतिहास काय सांगतो?

२० ऑक्टोबर २०१८ ला नितीन गडकरींच्या हस्ते 'आंग्रिया' सुरू झाली. मुंबई ते गोवा, रात्रभराचा प्रवास. देशातली पहिली लक्झरी क्रूझ म्हणून केवढं कौतुक झालं होतं. कोविड आला आणि ती बंद पडली. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'जलेश' नावाची कंपनी आली, 'कर्णिका' नावाचं मोठं जहाज घेऊन. दीड वर्षात, २०२० मध्ये, कंपनीने गाशा गुंडाळला आणि कर्णिका गुजरातच्या अलंगला भंगारात गेली. त्याआधी आणि नंतर इटलीची कोस्टा कंपनीही मुंबईत येऊन काही हंगाम करून गेली.

सांगायचा मुद्दा असा की सरकार दुप्पट प्रवाशांची भाषा करत असलं तरी जहाज चालवणारी कंपनी टिकेल याची गॅरंटी सरकार घेत नाही. म्हणून वर्षभर आधी पूर्ण पैसे भरून 'मोठा डिस्काउंट' घेण्यात शहाणपण नाही. थोडी रक्कम भरून बुकिंग करता येत असेल तर ते घ्या, तारीख जवळची ठेवा आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे परत मिळतात, हे लेखी मागा. सहसा निघायच्या शेवटच्या काही आठवड्यांत रद्द केलं तर हातात फारसं काही उरत नाही.

एजंट म्हणतो ३५ हजार, बिल येतं ५० चं. असं का?

हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले. पण हा फरक कुठून येतो ते बघा, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

जाहिरातीतला दर बहुतेक वेळा 'प्रति व्यक्ती' असतो आणि एका खोलीत दोघं राहणार असं धरून लावलेला असतो. एकटे गेलात तर जवळपास दोघांचे पैसे मोजावे लागतात. तो दर असतो आतल्या खोलीचा, म्हणजे जिला खिडकीच नाही. समुद्र दिसणारी खोली महाग, बाल्कनी त्याहून महाग. मग त्यावर जीएसटी, बंदराचे शुल्क आणि कर्मचाऱ्यांची टीप. हो, टीप. आपल्याकडे हॉटेलात टीप मर्जीवर असते. क्रूझवर ती अनेकदा दररोज, प्रति व्यक्ती, बिलातच लावलेली असते. लहान मुलांचीसुद्धा.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळतं, तीच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. त्यावर कॉफी, दारू, स्पा, फोटो, दुकानातली खरेदी असं सगळं चढत जातं. नोट हातातून जात नसल्याने खर्च होतोय हे कळतच नाही. 'जेवण फ्री' याचा अर्थ मुख्य बुफे फ्री. स्पेशल रेस्टॉरंट, कोल्ड्रिंक, दारू बहुतेक पॅकेजमध्ये नसतं. काही जहाजांवर कॅसिनोही असतो. मित्रांच्या ग्रुपबरोबर जात असाल तर कुणाचं कार्ड कुठे जोडलंय हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

आणि मोबाइल. हा मुद्दा कुणीच सांगत नाही. किनाऱ्यापासून लांब गेलं की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यामुळे जहाज निघालं की फोन फ्लाइट मोडवर. नेट हवंच असेल तर जहाजाचं वाय-फाय पॅकेज विकत घ्या. दोन दिवस स्टेटस टाकलं नाही तरी चालतं, घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर इकडे 'फोन लागंना' म्हणून बोंब होईल.

परदेशी क्रूझचं पॅकेज घेतलं तर टीसीएस नावाची रक्कमही कापली जाते. ती वाया जात नाही. इन्कम टॅक्स रिटर्न भरताना तुमच्या करात जमा धरली जाते किंवा परत मिळते. पण त्यासाठी बुकिंग करणाऱ्याचा पॅन नंबर बरोबर लागला पाहिजे.

पैसे बुडाले तर मुंबईला चकरा माराव्या लागतात का?

नाही. आणि हे मराठवाड्यातल्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं, कारण "कंपनी मुंबईची, आपण कुठं भांडत बसायचं" म्हणून लोक गप्प बसतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा आयोगात करता येते. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही. एखाद्या कुटुंबाची क्रूझ सहज या ५ लाखांत बसते. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून बघा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

पण त्यासाठी हातात कागद लागतो. म्हणून एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे टाकू नका. फर्मच्या खात्यात टाका, जीएसटी नंबर असलेली पावती घ्या. बुकिंग नंबर मिळाला की थेट क्रूझ कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तुमच्या नावाने खोली खरंच आहे का ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. सुट्ट्यांच्या हंगामात खोट्या वेबसाइटही फिरतात. फसवणूक झाली असं लक्षात आलं तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि अटींमधलं एक वाक्य नक्की शोधा. हवामान किंवा इतर कारणाने एखादं बंदर वगळायचा अधिकार कंपन्या स्वतःकडे ठेवतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियाच्या जहाजावर ६० हून जास्त लोक कोविड पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज परत मुंबईला आणावं लागलं. न्यू इयर करायला गेलेल्यांची ट्रिप अशी संपली. अशा वेळी परतावा मिळणार की पुढच्या ट्रिपचं कूपन, हे बुकिंगच्या आधी विचारायचं असतं.

कागदपत्रं कोणती?

मुंबई-गोवा किंवा कोचीसारखी देशांतर्गत ट्रिप असेल तर पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स असं सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. पॅन कार्डवर भरवसा ठेवू नका. नावाचं स्पेलिंग तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकच हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत घोळ हमखास इथे होतो, आधारवर सासरचं, दुसऱ्या कागदावर माहेरचं.

लक्षद्वीपचा मुद्दा वेगळा. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आल्यापासून त्याची क्रेझ वाढली. तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो. सहसा क्रूझ कंपनी तो काढते, पण तुम्हाला कागद वेळेत द्यावे लागतात. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून बेटावर जावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना ही उडी जमेल का, याचा विचार करा. शिवाय समुद्र खवळला तर बेटावर उतरणंच रद्द होऊ शकतं.

सिंगापूरची क्रूझ घेत असाल तर पासपोर्टला किमान ६ महिन्यांची मुदत हवी. आणि व्हिसा? जहाज सिंगापूरहून निघतं, मलेशिया किंवा थायलंड करतं आणि परत सिंगापूरला येतं. म्हणजे सिंगापूरमध्ये तुम्ही दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर अडचण. पासपोर्टसाठी नांदेड आणि लातूर दोन्हीकडे पोस्टातलं पासपोर्ट केंद्र आहे, त्यासाठी मोठ्या शहराची वारी करायची गरज नाही. पण पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ लागतो, तेव्हा तिकिटाच्या आधी पासपोर्ट.

वंदे भारतने त्याच दिवशी जाऊ का?

नको.

नांदेडची वंदे भारत पहाटे ५ ला निघते आणि दुपारी अडीचच्या सुमारास सीएसएमटीला लागते. जहाजाचं बोर्डिंग निघण्याच्या बरंच आधी बंद होतं. गाडी तासभर लेट झाली की तुम्ही मस्जिद बंदरच्या अलीकडे सिग्नलला आणि जहाज तुमच्याशिवाय तयार. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाज चुकलं तर पूर्ण ट्रिप गेली आणि परतावाही नाही, कारण चूक प्रवाशाची धरली जाते.

त्यामुळे आदल्या दिवशी मुंबईत पोचा. तपोवन, देवगिरी, नंदीग्राम, राज्यराणी यातली कोणतीही गाडी घ्या, लातूरवाल्यांनी लातूर-मुंबई एक्स्प्रेस. एक रात्र नातेवाइकांकडे किंवा लॉजवर काढा. रात्रीच्या गाडीने निघून त्याच दिवशी जहाज पकडणं शक्य आहे, पण ती जोखीम घ्यायची की नाही हे ज्याने आपली गाडी परभणीला तासभर थांबलेली अनुभवली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

बॅलार्ड पिअर बंदराच्या हद्दीत आहे आणि विमानतळासारखी तपासणी होते. २ ऑक्टोबर २०२१ ला याच जहाजावर एनसीबीची धाड पडली आणि आर्यन खान प्रकरण गाजलं. मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं गेलं, पण त्याआधी त्याने तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत काढले होते. सांगायचं कारण, कुणी ओळखीच्या माणसाने "ही एवढी पिशवी आत नेऊन दे" म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

बॅगेत इस्त्री, किटली, बाहेरची दारू चालत नाही. घरचं जेवणही सहसा आत सोडत नाहीत. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा. शाकाहारी जेवण मिळतं, जैनही मिळतं, पण बुकिंग करतानाच सांगायचं असतं. आजीचा उपवास कोणत्या दिवशी येतोय ते बघूनच तारीख धरा. चालू औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते.

बोट लागली तर?

बोट लागणं म्हणजे घाटात एसटी लागते तसंच. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला हालचाल जाणवते आणि मेंदूचा गोंधळ उडतो. त्रास कमी व्हावा म्हणून खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली घ्या. टोकाच्या आणि वरच्या खोल्या जास्त हलतात. नशीब असं की मधल्या-खालच्या खोल्याच स्वस्त असतात. मळमळ वाटली तर खोलीत पडून मोबाइल बघू नका, मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघा. आल्याचा तुकडा, आलेपाक बरोबर ठेवा. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते आणि बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. बीपी, शुगर, प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल लागतं आणि मोठं ऑपरेशन तिथे होत नाही. हार्ट पेशंट असेल तर बंदरापासून लांब असलेली रात्र किती तासांची आहे, हे विचारून घ्या. गरोदर महिलांना साधारण २४ आठवड्यांनंतर कंपन्या घेत नाहीत.

जहाज निघताना एक सेफ्टी ड्रिल होते, लाइफ जॅकेट कसं घालायचं आणि कुठे जमायचं ते सांगतात. आपल्याकडचे लोक नेमके तेव्हा बुफेची लाइन शोधत असतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकाला धडकलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तेव्हा व्हायची होती. नियम २४ तासांच्या आत घेण्याचा होता. त्या अपघातानंतर तो बदलला आणि २०१५ पासून निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर ड्रिल घेणं बंधनकारक झालं. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही लाइफ जॅकेटचाच प्रश्न पुढे आला होता. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, त्यात सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या घरांत ती तारीख अजून निघते. मराठवाड्यात ही आठवण नाही, म्हणून ड्रिलला अर्धा तास द्या.

मग मजा कशात आहे?

गोव्यात उतरायच्या घाईत तर नाही. जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागतं, पणजी तिथून जवळपास ३० किलोमीटर. हातात काही तास असतात. बागा, कळंगुट, जुनं गोवं, मंगेशी असं सगळं त्यात कोंबलं तर टॅक्सीतच दिवस जातो. एकच ठिकाण करा, किंवा सरळ जहाजावर थांबा. सगळे खाली उतरलेले असताना पूल आणि डेक रिकामा मिळतो.

पहिल्या संध्याकाळी जहाज सुटताना मात्र खोलीत बसू नका. गेटवे, ताज, कुलाब्याचा किनारा मागे सरकताना दिसतो, आणि ज्यांनी आयुष्यभर उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली त्या आई-वडिलांना चारही बाजूंनी फक्त पाणी बघताना बघणं, हे माझ्या मते आख्ख्या पॅकेजमधलं सगळ्यात वसूल काम आहे. रात्री शोला गर्दी असते, पहाटे डेकवर कुणी नसतं. खोलीला खिडकी नसेल तर आतून दिवस की रात्र कळत नाही, त्यामुळे सूर्योदयाचा अलार्म लावा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट टर्मिनलवर मिळतात. दुसऱ्या दिवसाचे कपडे, औषधं आणि ओळखपत्र त्यात पॅक करू नका. त्याच रात्री कार्डावरचं बिल मागून घ्या आणि न घेतलेली वस्तू लागली असेल तर तेव्हाच काउंटरवर दाखवा, उतरल्यावर ते कुणी ऐकत नाही. सकाळी उतरायला गटागटाने बोलावतात, वेळ जातो. नांदेडला परतणारी वंदे भारत दुपारी १ नंतर सुटते, ती मिळेलही, पण आठवड्यातला एक दिवस ती नसते, तो वार बघून ठेवा. लातूरची गाडी रात्रीची आहे, त्यामुळे लातूरवाल्यांच्या हातात मुंबईचा आख्खा दिवस उरतो. बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाका आणि फिरून या.